नंबर तीनचं सेटिंग

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज टायपिंग क्लासला नवीन विद्यार्थिनी आली. वय पंचेचाळीसच्या पुढे. नोंदणी कार्यालयात एकवीस वर्षं टायपिस्ट. मार्चमध्ये अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. "पाय परत आला, सर. हात अजून वाटेत आहे," असं त्यांनी मला सांगितलं, आणि उजवा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर नीट ठेवला.

अठ्ठावीस तारखेला ऑफिसात त्यांची परीक्षा आहे. मिनिटाला वीस शब्द, सलग दहा मिनिटं. जमलं तर खुर्ची राहील, नाही जमलं तर वैद्यकीय कारणावरून घरी. घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच.

मी त्यांना स्पष्ट सांगितलं की या क्लासमध्ये दहा बोटांचं टायपिंग शिकवलं जातं. गेली एकतीस वर्षं तसंच शिकवलं जातं.

"माझ्याकडे पाच आहेत," बाई म्हणाल्या. "फी अर्धी घ्या."

फीमध्ये सवलत नाही, असं मी सांगितलं. मग त्यांना हसू आलं तेव्हा लक्षात आलं की ती थट्टा होती.

नंबर तीनचा कॉम्प्युटर दिला, कारण तिथली खुर्ची बिनहातांची आहे. वेग घेतला. सहा शब्द. निम्मी अक्षरं शिफ्ट दाबल्याशिवाय येत नाहीत, आणि शिफ्ट दाबायला दुसरा हात नाही. बाई खाली वाकून हनुवटीने शिफ्ट दाबतात. एवढ्या वर्षांत खूप वाईट सवयींचे विद्यार्थी पाहिले, पण हनुवटीवाली ही पहिलीच.

नंबर एकचं, म्हणजे माझं टेबल पुन्हा हलायला लागलंय. पायाखाली पुठ्ठ्याची घडी घातली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

हलवायाला शोभेल असा एक पोरगा सकाळच्या तुकडीत आहे, बोटं तेलकट. त्याने विचारलं, "सर, तुम्ही एकदा टाइप करून दाखवा ना." मी सांगितलं की मी आता उतारा वाचून दाखवतो, टाइप करून दाखवत नाही. शिक्षकाकडे बघत बसलं की विद्यार्थ्याची नजर आणि कान दोन्ही बिघडतात. ही पद्धत मी गेल्या वर्षापासून सुरू केली आहे आणि ती अधिक शास्त्रीय आहे.

पुठ्ठ्याची घडी दुप्पट केली. टेबल हलतंच.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

शिफ्टचं बटण लागोपाठ पाच वेळा दाबलं की कॉम्प्युटर पिपाणी वाजवतो आणि पडद्यावर एक चौकट येते. पोरांना हा उद्योग फार आवडायचा. आठही कॉम्प्युटरवर एकदम पिपाण्या वाजवायचे. म्हणून काही वर्षांपूर्वी मी तो प्रकार सगळीकडे बंद करून टाकला होता. त्या चौकटीत काय लिहिलंय हे मात्र कधी वाचलं नव्हतं.

आज वाचलं. ते सेटिंग चालू केलं की शिफ्ट एकदा दाबून सोडला तरी कॉम्प्युटर तो पुढच्या अक्षरापर्यंत दाबलेलाच धरतो. म्हणजे दोन बटणं एका वेळी दाबायला नकोत, एकामागून एक दाबली तरी चालतात. हे हात अडलेल्या माणसांसाठीच केलेलं आहे. मी ते पोरांचा वात्रटपणा म्हणून बंद केलं होतं.

नंबर तीनवर चालू करून दिलं. बाईंनी पहिला उतारा हनुवटी वर ठेवून पूर्ण केला. मग मान चोळत थोडा वेळ नुसत्या बसून राहिल्या. वेग नऊ.

मला हे मनापासून पटलेलं नाही. शिफ्ट धरून ठेवणं हे टाइप करणाऱ्याचं काम आहे, यंत्राचं नाही. पण नऊ म्हणजे नऊ.

शनिवार, ८ नोव्हेंबर

नवीन अडचण. एकच हात डावीकडून उजवीकडे पूर्ण कीबोर्डभर फिरवायचा म्हणजे जाता-येता तळवा मधल्या बटणांना घासतो. मग नको ती अक्षरं उमटतात. पुन्हा तीच चौकट उघडली. खाली दुसरं सेटिंग सापडलं : बटण ठरावीक वेळ दाबून धरलं तरच अक्षर मोजायचं, ओझरता स्पर्श सोडून द्यायचा. किती वेळ, ते आपण ठरवायचं.

मी पूर्ण एक सेकंद ठेवला. करायचं तर व्यवस्थित करावं.

बाईंचा वेग चारवर आला. नको ती अक्षरं थांबली, पण हवी तीही थांबली. "सर, एक अक्षर उमटेपर्यंत माझा पुढचा शब्द विसरायला होतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही स्वतः एकदा बसून बघितलंत का यावर?"

बघतो म्हटलं.

सोमवार, १० नोव्हेंबर

क्लास सुटल्यावर दार लावून नंबर एकवर बसलो. माझा कीबोर्ड वर्षभर त्रास देतोय. हा तिसरा. एक अक्षर दाबलं की दोनदा उमटतं, कधी शेजारचंही उमटतं. आज त्यावर बाईंचं सेटिंग लावलं, वेळ थोडा कमी केला आणि अर्धं पान टाइप केलं. जवळपास स्वच्छ. गेल्या वर्षात माझ्या हातून इतकं स्वच्छ पान निघालं नव्हतं.

म्हणजे हे सेटिंग बिघडलेला कीबोर्डसुद्धा दुरुस्त करतं. हे कुठेच लिहिलेलं नाही.

दुकानदाराला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "सर, तुम्ही परत केलेले दोन्ही कीबोर्ड इथे अगदी नीट चालतात." त्याच्याकडच्या विजेचा दाब वेगळा असावा.

घरी हिला सांगितलं. ही भाजी निवडत होती. वर न बघता म्हणाली, "डॉक्टरांना दाखवू या का एकदा?" कीबोर्ड डॉक्टरांना दाखवत नाहीत, असं मी म्हणालो. ही पुढची जुडी सोडू लागली. ही हल्ली फार कमी बोलते.

बुधवार, १२ नोव्हेंबर

एका सेकंदावरून अर्ध्यावर आलो. मग त्याहून कमी. आकडा मी सांगायचा नाही, ज्यांचा हात आहे त्यांनी सांगायचा, असं ठरलं. ठरवलं बाईंनी, मी फक्त मान डोलावली. पाव सेकंदाच्या आसपास त्यांचा हात बसला. कीबोर्ड सरळ ठेवायचा असतो हा माझा नियमही त्यांनी मोडला. तो तिरका करून डावीकडे सरकवला आणि खाली घसरू नये म्हणून ओला रुमाल अंथरला.

सकाळची तुकडी हे सगळं बघत होती. मी पोरांना सांगितलं की हे फक्त नंबर तीनसाठी आहे, बाकीच्यांनी मनगटं सरळ ठेवावीत.

वेग तेरा.

सोमवार, १७ नोव्हेंबर

सतरा. काल रविवार असूनही बाई आल्या होत्या आणि दोन तास बसल्या होत्या. दाराची किल्ली मीच नेऊन दिली होती. याची नोंद काल केली नाही, कारण रविवारी क्लास बंद असतो.

आज थांबून बोलत होत्या. झटका आल्यावर ऑफिसातल्या एकीने यांचं काम "तात्पुरतं" म्हणून घेतलं. आता तिची पर्स यांच्या खणात असते. "हात गेला त्याचं रडून झालं, सर. दोन महिने रडले. खुर्ची गेली तर मात्र रडणार नाही, भांडेन. पण भांडायला वीस शब्द पाहिजेत."

मग म्हणाल्या, "पूर्वी तुम्ही बहात्तर शब्दांनी टाइप करून दाखवायचात म्हणे. माझी भाची तुमच्याकडे होती. बघत राहावंसं वाटायचं, असं सांगते."

मी शास्त्रीय पद्धत समजावून सांगितली. त्या माझ्या हातांकडे बघत होत्या. हवा गार असल्यामुळे मी हात खिशात घातले.

गुरुवार, २० नोव्हेंबर

एकवीस. सलग दहा मिनिटं, चुका चार. मी दोनदा मोजले. बाईंनी तिसऱ्यांदा मोजायला लावले.

आणि संध्याकाळी त्यांचा ऑफिसातून फोन. परीक्षेच्या कॉम्प्युटरवर हीच सेटिंग्ज मिळावीत म्हणून त्यांनी अर्ज केला होता. आस्थापनेच्या साहेबांनी परत पाठवला. म्हणे ही यंत्राची मदत झाली, मग बाकीचे उमेदवारही मागतील, परीक्षा सगळ्यांना सारखी पाहिजे.

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला शिफ्ट आणि स्पेस यांतला फरक माहीत नसेल तो परीक्षा सारखी करायला निघालाय. धडधाकट माणसाला ही सेटिंग्ज लावून दिली तर त्याचा वेग निम्म्यावर येईल. बटण दाबून धरत बसावं लागेल. मदत कसली, ही अडगळ आहे. ज्याचा हात अडलाय त्यालाच ती अडगळ उपयोगी पडते.

बाईंना सांगितलं, उद्या अकरा वाजता मी येतो. साहेबांसमोर मी स्वतः बसतो. आधी सेटिंगशिवाय टाइप करून दाखवतो, मग सेटिंग लावून. माझा वेग कसा कोसळतो ते त्यांनी डोळ्यांनी बघावं.

बाई म्हणाल्या, "सर, तुम्हीच बसायला हवं का?"

बहात्तर शब्द कोणाचे होते, असं मी विचारलं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

सगळं क्रमाने लिहितो.

अकराला पोचलो. साहेब सभ्य निघाले. वयाने माझ्यापेक्षा लहान, चष्मा कपाळावर. म्हणाले, "सर, माझी बहीण तुमच्याच क्लासची." कॉम्प्युटर नवा कोरा होता, कीबोर्डचं प्लास्टिक माझ्यासमोर फाडलं. टेबल लोखंडी, जमिनीला बोल्टने आवळलेलं. खोलीत हिटर चालू. साहेबांची टायपिस्ट घड्याळ घेऊन उभी राहिली. बाई भिंतीपाशी खुर्चीवर बसल्या होत्या.

आधी सेटिंगशिवाय. पाच मिनिटं.

पहिल्या ओळीतच अक्षरं दोनदोनदा उमटली. मी खोडून पुन्हा मारली. शेजारचं अक्षर आलं, तेही खोडलं. मी टेबलाकडे बघितलं, टेबल हलत नव्हतं. कीबोर्ड नवा होता. हवा गार नव्हती. उजव्या हाताची तर्जनी आणि अंगठा, दोन्ही आपलं आपलं काहीतरी करत होते. ते मी पाच मिनिटं बघितलं, कारण दुसरीकडे बघायला काही उरलंच नव्हतं.

टायपिस्टने मोजलं. चौदा शब्द, चुका छत्तीस.

मग बाईंचं सेटिंग लावलं. पाच मिनिटं. एकोणीस शब्द, चुका पाच.

साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. "सर, तुमच्याच म्हणण्याच्या उलट झालं हे. सेटिंग लावल्यावर वेग वाढलाय. चुका तर कुठल्या कुठे गेल्या. मग हा फायदाच झाला की उमेदवाराला." आणि बाईंच्या अर्जावर शेरा मारायला त्यांनी पेनचं टोपण काढलं.

बाई एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांना बोलता आलं असतं. खुर्ची त्यांची जात होती. त्या माझ्याकडेसुद्धा बघत नव्हत्या, मुद्दाम खिडकीबाहेर बघत होत्या. तेव्हा मला कळलं की यांना माझ्या हाताचं माहीत आहे, आणि कदाचित पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

मी म्हणालो, "साहेब, शेरा थांबवा. माझा हात आजारी आहे."

त्यांना वाटलं मी ऐनवेळची सबब सांगतोय. "म्हणजे आज बरं नाही का?"

"आज नाही. वर्ष झालं. थरथरतो. मी कोणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही. तुमचा नियम तपासायला मी चुकीचा माणूस बसवला. धडधाकट बसवा."

मला लाज वाटली. फार वाटली. चार माणसांत आपली चड्डी सुटावी तशी वाटली. पण बाईंचं काम अडलं होतं, आणि ते मी मिरवायला गेलो म्हणून अडलं होतं.

साहेबांनी टायपिस्टला बसवलं. सेटिंगशिवाय पंचेचाळीस. सेटिंग लावून अठरा, आणि अर्धे शब्द गळालेले. "अगंबाई, बटणं झोपलीत का काय?" म्हणत ती चिडून उठली. साहेबांनी तिचे दोन कागद माझ्या दोन कागदांशेजारी ठेवले आणि बराच वेळ चारही कागदांकडे आळीपाळीने बघत राहिले.

"आता कळलं," ते म्हणाले. "पण फाइलला हे असं लावता येणार नाही. तुमचे आकडे उलटे का आले ते लेखी पाहिजे, सर. नाहीतर वरचे विचारतील."

मी पेन घेतलं. मग ठेवून दिलं.

"सर, तुम्ही सांगा, मी टाइप करते," बाई म्हणाल्या. खुर्ची सरकवून त्या बसल्या, कीबोर्ड तिरका केला, उजवा हात मांडीवर ठेवला. रुमाल ओला करून घेऊन आल्या होत्या.

मी सांगू लागलो. मी, खाली सही करणारा, टायपिंगचा शिक्षक, असं लिहून देतो की. बाईंचा हात डावीकडून उजवीकडे जात होता, थांबत होता, दाबत होता. शिफ्ट, मग अक्षर. शिफ्ट, मग अक्षर. माझा उजवा हात, मी म्हणालो, आणि पुढे गेलो नाही.

"'थरथरतो' घालू की 'कापतो'?" बाईंनी विचारलं. अगदी ऑफिसच्या आवाजात विचारलं.

"थरथरतो. कापतो म्हटलं तर वरच्यांना वाटेल थंडी होती."

"केव्हापासून? तारीख लागेल."

"मागच्या डिसेंबरपासून."

त्यांनी घातलं. सात ओळी झाल्या. एकही अक्षर खोडावं लागलं नाही. साहेब घड्याळ न लावता सगळं बघत होते. मी सही केली. सही जशी आली तशी आली, आणि साहेबांनी ती बघून काही विचारलं नाही.

जिन्यावरून उतरताना बाई माझ्या एक पायरी पुढे होत्या, त्यांचा उजवा हात निकामी आणि माझाही उजवाच. कठडा धरायला आमच्याकडे मिळून दोन डावे हात होते. फार हळू उतरलो. "सर, तुम्ही नसतं बोललात तरी मी रागावले नसते," त्या म्हणाल्या. मी म्हणालो की मी रागावलो असतो.

घरी काही बोललो नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

अर्ज मंजूर. सेटिंग्ज परीक्षेच्या कॉम्प्युटरवर लावून मिळतील, आदल्या दिवशी तपासायलाही मिळतील. बाईंनी मंजुरीचा कागद नंबर तीनच्या पडद्याला टेकवून ठेवला आणि त्याकडे बघत सराव केला. वेग वीस. मी ओरडलो. दुसऱ्या वेळी बावीस.

सकाळच्या तुकडीला शिफ्ट पाच वेळा दाबायला परवानगी दिली. आठही पिपाण्या वाजल्या. एकदाच, असं सांगितलं होतं. तीनदा वाजवल्या.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

ही नोंद टाइप केलेली आहे. सेटिंग लावून. छापून वहीत चिकटवणार आहे. काल वहीची मागची पानं चाळली तर ऑक्टोबरातली चार पानं मलाच वाचता आली नाहीत.

परीक्षा सकाळी साडेदहाला झाली. मला आत सोडलं नाही, बाहेरच्या बाकावर बसलो होतो. सहाव्या मिनिटाला आतून बटणांचा आवाज थांबला. नंतर कळलं की बाईंनी ओघात शिफ्ट दोनदा दाबला, तो तसाच अडकला आणि अर्धी ओळ भलत्याच अक्षरांत गेली. त्यांनी शांतपणे शिफ्ट पुन्हा दाबून सोडवला, ओळ खोडली आणि पुढे गेल्या. हे मी त्यांना शिकवलेलं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

वीस शब्द. बरोबर वीस. साहेबांनी दोनदा मोजले, टायपिस्टने एकदा. बाई बाहेर आल्या, माझ्याशेजारी बाकावर बसल्या आणि मोठ्याने रडल्या. खुर्चीसाठी रडणार नाही म्हणाल्या होत्या, पण ते खुर्ची गेली तर; राहिली तर काय, ते बोलणं झालं नव्हतं. मग डोळे पुसून खणातली पर्स काढायला लावायला आत गेल्या.

घरी आलो तर ही दारातच उभी. "झाल्या का बाई पास?" तिने विचारलं. झाल्या म्हटलं. मग उभ्या उभ्याच सांगितलं. हात, वर्ष, साहेबांसमोरचा कागद, सगळं. सांगायला दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. वर्षभर वाटत होतं की फार वेळ लागेल.

ही माझा उजवा हात हातात घेऊन बघत राहिली. तो थरथरत होता, आणि मी तो काढून घेतला नाही.

मग म्हणाली, "मेंदूच्या डॉक्टरांची सोमवारी दहाची वेळ आहे. मार्चपासून दर महिन्याला घेते, आणि तुम्ही काही बोलला नाहीत की आदल्या दिवशी रद्द करते."

या वेळी करू नकोस, असं मी सांगितलं.